पाय धुवायला पाणी

पहाटे साडेचारला उठले तेव्हा पुढच्या खोलीत पाऊल टाकायला जागा नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं झोपलेली. कुणाच्या अंगावर आमच्या चादरी, कुणाच्या अंगावर आळंदहून आलेली कौदी. धाकटीचा पाय आतेभावाच्या पोटावर. थोरला अर्धा सतरंजीवर, अर्धा फरशीवर, कारण त्याची गादी काल रात्री जहीराबादच्या आजीला दिली. दारात चपलांचे पंधरा जोड. आमचे पाच, पाहुण्यांचे दहा. मोजले धाकटीनं, काल झोपायच्या आधी, आणि स्वयंपाकघरात येऊन मला आकडा सांगितला. साडेचार वर्षांच्या माझ्या लेकीला पंधरापर्यंत न चुकता मोजता येतं, हे मला काल कळलं.

आज येळवस. मार्गशीर्ष अमावास्या. लातूर-धाराशिवकडं तिला वेळ अमावास्या म्हणतात, कन्नडात एळ्ळ अमावास्या. एळ्ळु म्हणजे तीळ. आमच्या भालकीच्या बोलण्यात ती येळवस झाली. मार्गशीर्षात आमची घरं दोनदा भरतात. पौर्णिमेला दत्तजयंती, तेव्हा हुमनाबादजवळच्या माणिकनगरला आणि भीमाकाठच्या गाणगापूरला जाणारे नातेवाईक वाटेत मुक्काम करतात. मग पंधरा दिवसांनी येळवस, तेव्हा येणारे फक्त आमच्यासाठी आणि शेतासाठी येतात. गॅसवर भज्जीचं मोठं पातेलं चढलंय. हरभऱ्याचे ओले दाणे, तुरीचे दाणे, वाल, गाजर, चुका, वरून चिंच आणि डाळीचं पीठ. बाजरीचे उंडे वाफवायचे राहिलेत. आंबिलीचं मडकं रात्रीच भरून ठेवलंय. उजाडलं की सगळ्यांनी शेतात जायचं. त्याआधीचा हा तासभर माझा, आणि तो मी काल दुपारी दारात जे घडलं त्याचा विचार करण्यात घालवतेय.

आधी पाहुणे कोण ते सांगते, म्हणजे गोष्ट कळेल. नणंद उदगीरची. ती, तिचे मालक आणि दोन लेकरं रेल्वेनं आली. उदगीरहून भालकी म्हणजे फार लांब नाही, पण ते महाराष्ट्र आणि हे कर्नाटक. दीर-जाऊ आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा कलबुर्गीला असतात. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ साली सुरू झाल्यापासून त्यांचं येणं सोपं झालं. माझी जाऊ आळंदची, माहेर कन्नड बोलणारं. तिची आई आळंदहून बसनं एकटी आली. सासूबाईंची थोरली बहीण जहीराबादला दिलेली, ती नातीला घेऊन तेलंगणातून आली. पुढच्या खोलीत आत्ता तीन राज्यांची माणसं घोरतायत.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा आमच्या जुन्या बिदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, म्हणजे पुढं महाराष्ट्रात. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि २०१४ पासून तेलंगणात. त्यानंतरही सासूबाईंच्या वडिलांनी एक पोरगी भालकीला दिली, एक जहीराबादला. घराणं बघितलं, जमीन बघितली, विहिरीला पाणी किती ते बघितलं. राज्य कुणी बघितलं नाही. आमची सोयरीक अजूनही त्या जुन्या जिल्ह्यातच होते.

तर काल दुपारची गोष्ट.

आमच्याकडं पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी, मग प्यायला पाणी आणि गूळ-शेंगदाणे, मग बाकीचं बोलणं. आता रिक्षा दारापर्यंत येते, बूट-मोजे घातलेल्या माणसाच्या पायाला धूळही लागत नाही, पण सासूबाईंनी ही रीत सोडलेली नाही. काल पाहुणे टप्प्याटप्प्यानं येत होते आणि मी पिठात हात घालून बसले होते. म्हणून सासूबाईंनी पितळी तांब्या धाकटीच्या हातात दिला. म्हणाल्या, "आज पाणी द्यायचं काम तुझं." तिनं दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरला. उदगीरकरांना पाणी दिलं, नीट दिलं. जहीराबादच्या आजीला दिलं. तीन वाजता आळंदची आयी आली, तेव्हा लेकीला चेव चढला होता. तिनं तांब्या काठोकाठ भरला आणि पळत निघाली. उंबऱ्याशी ठेच लागली. निम्मं पाणी फ्रॉकवर, उरलेल्यातलं बरंचसं पाहुणीच्या पिशवीवर. पिशवीत तुरीची डाळ होती, घरच्या शेतातली, खास आमच्यासाठी आणलेली.

मी आतून ओरडले. पाहुण्यांच्या देखत ओरडले. "तुला कुणी सांगितलं होतं एवढं भरायला?" असं काहीतरी. पोरीचा चेहरा पडला, ओठ थरथरायला लागला.

आयीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "इरली बिडु," एवढंच म्हणाली. राहू दे, सोड. मग लेकीपुढं हात करून म्हणाली, "तंबिगी ता." लेकीला कन्नड येत नाही. पण तंबिगी म्हणजे आपल्या हातातला तांब्याच, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं तो पुढं केला. तळाशी चार बोटं पाणी होतं. आयीनं साडीचा काठ जरा वर घेतला आणि तेवढ्या पाण्यात दोन्ही पाय धुतले. आधी उजव्याची टाच, मग बोटं, मग डावा. भेगा पडलेले, शेतात चालून चालून रुंद झालेले पाय. ओंजळीत पाणी घेऊन ते जपून वापरायची सवय त्या हातांना असावी, कारण शेवटी तांब्यात घोटभर उरलं. ते तिनं दारातल्या तुळशीला घातलं आणि रिकामा तांब्या लेकीच्या हातात परत दिला. लेक हसली. मग त्या संध्याकाळी घरात येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी दूधवाल्यालाही, पाय धुवायला पाणी मिळालं.

मला लाज वाटली ती डाळीची नव्हे. डाळ ताटात पसरली, वाळली. लाज वाटली ती ओरडले याची.

पाहुणे आले की आपण लेकरांचं काय करतो, हे रात्रभर आठवत राहिलं. एक तर त्यांना पुढं उभं करतो. "पोएम म्हणून दाखव, सतराचा पाढा म्हण, मावशीला डान्स करून दाखव." लेकरू एकदा म्हणतं, दोनदा म्हणतं, तिसऱ्या पाहुण्याला पडद्यामागं लपतं, आणि मग आपण म्हणतो, लाजतंय. नाही तर त्यांना आतल्या खोलीत घालवतो, मोबाइल हातात देतो, म्हणजे मोठ्यांना निवांत बोलता येईल. मी दोन्ही केलंय. गेल्या दिवाळीला थोरल्याला मी सगळ्यांसमोर गणितातले गुण सांगायला लावले. त्याला कमी पडले होते. तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. लेकराला घरातलं माणूस धरलेलं नाही. एकदा त्याला पाहुण्यांपुढं मांडलं, एकदा अडचण म्हणून बाजूला सारलं. सासूबाईंनी तांब्या दिला तेव्हा पोरगी यजमानीण झाली. तिच्याकडं काम होतं आणि ते काम खरं होतं. तिनं पाणी दिलं नसतं तर पाहुणी दारात उभी राहिली असती. साडेचार वर्षांच्या जिवाला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे कळण्याची वेळ किती कमी येते.

आणखी एक सांगायचं ते हाकेबद्दल. कलबुर्गीचा पुतण्या काल दुपारपासून दारात उभा होता. आयी दिसली तसा ओरडला, "नम्म आयी बंदाळ!" आमची आयी आली. धाकटी त्याला समजावायला लागली, "अरे, तुझी आई तर आत बसलीय." तो म्हणाला, "ती अव्वा आहे." दोघांचं भांडण लागलं. त्याच्या कन्नडात आयी म्हणजे आजी, आणि आईला अव्वा. आमच्यात आई म्हणजे आई, आणि जहीराबादच्या आजी तर अजून स्वतःच्या आईची आठवण काढताना माय म्हणतात. एका दारात एकाच शब्दाच्या दोन बायका उभ्या होत्या. रात्री निजताना धाकटीनं विचारलं, "तू म्हातारी झालीस की मग आयी होशील का?" मी हो म्हणाले.

आपल्या मराठीतले अक्का आणि अण्णा कन्नडातलेच, तूपसुद्धा तिकडच्या तुप्पावरून आलेलं. आणि नाती त्याहून गुंतलेली. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेरचनेवरचा आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यात उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती महाराष्ट्रात कशा एकत्र येतात हे त्यांनी दाखवलं आहे. महाराष्ट्रात मामाची मुलगी करतात, आत्याची टाळतात. कन्नड मुलखात दोन्ही चालतात, बहिणीची मुलगीही. आम्ही या दोन्हींच्या सांध्यावर. आमच्याकडं कुणी "मामा" म्हणून हाक मारली, तर तो आईचा भाऊ आहे, सासरा आहे की दोन्ही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. नणंद तिच्या सासऱ्यांना मामाच म्हणते.

हे लेकरांना पुस्तकातून शिकवता येत नाही. थोरला शाळेत कन्नड शिकतो, वहीत सुबक अक्षर काढतो, पण आयीशी बोलताना काल पहिला तास त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी त्याला "बोल की, शाळेत शिकतोस ना" म्हणून टोचणार होते. पण काल एकदा चुकले होते, म्हणून गप्प बसले. आयी ओसरीवर शेंगा घेऊन बसली होती, फोडत होती. त्याला बोलावलं नाही, जवळ ओढलं नाही, गालाला हात लावला नाही. सोललेले दाणे मात्र एका वाटीत टाकत गेली आणि वाटी थोडी थोडी त्याच्या बाजूला सरकवत गेली. तो आधी खांबाशी होता, मग पायरीवर आला, मग शेजारी. अंधार पडायच्या वेळी तो तिला कन्नडात शाळेतली कुठली तरी भानगड सांगत होता आणि ती मान हलवत होती. लेकराला यायला वेळ लागतो. मोठ्यांनी हात पसरून "ये, पप्पी दे" म्हटलं आणि ते मागं सरलं, की आपण लगेच त्याला शिष्ट ठरवतो. तो अनोळखी चेहरा त्यानं वर्षभरानं बघितलेला असतो, आणि त्याच्या नऊ वर्षांत एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ असतो.

पाहुण्यांचं हे सगळं गोडच असतं असं मी म्हणणार नाही. पंधरा माणसांचा स्वयंपाक म्हणजे कंबर धरते. दोन वर्षांपूर्वीच्या येळवशीला धाकटी अडीच वर्षांची होती, रात्रभर तापलेली, आणि मी तिला कडेवर घेऊन उंडे वळत होते. बाहेर पुरुषांच्या गप्पा रंगल्या होत्या. त्या दिवशी मी मनातून सगळ्यांवर चिडले होते, आणि ते चिडणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. आतिथ्य एका बाईच्या पाठीवर उभं असेल तर लेकरं तेच शिकतात. मुलगी शिकते की आपल्याला हे करायचंय, मुलगा शिकतो की आपल्याला बसायचंय. म्हणून त्यानंतर आम्ही कामं वाटून घेतली. भांडी दीर घासतात. अंथरुणं नणंदेचे मालक आणि थोरला घालतात. भज्जी निवडायला काल सगळे बसले होते, तुरीच्या शेंगा सोलता सोलता नणंदेचा मुलगा निम्मे दाणे खात होता. सासूबाईंना सुरुवातीला हे पटलं नाही. जावयानं गाद्या उचलायच्या म्हणजे काय, असं त्यांना वाटायचं. आता त्याच त्याला सांगतात, कुठली गादी कुणाला.

शेतात गेल्यावर लेकरांना काही सांगावंच लागत नाही. कडब्याची कोप केलेली असते, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगड, आमचे पांडव. घरातला कर्ता माणूस आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन येतो. पूजा झाली की रानात चारी दिशांना अन्न शिंपडत, कन्नड वळणाची एक आरोळी देत फिरायचं. तिचा अर्थ आमच्यात कुणालाच धड सांगता येत नाही आणि ती सगळ्यांनाच पाठ आहे. मग पंगत. लातूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी देतात, त्यामुळं तिकडचे नातेवाईक बिनघोर येतात. आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही येळवशीची रीत. २०२४ साली ३० डिसेंबरला, सोमवारी ही अमावास्या आली होती. तेव्हा थोरला रस्त्याकडेला उभा राहून एका मोटारसायकलवाल्याला अडवत होता. तो माणूस घाईत होता, नको म्हणत होता. पोरगा म्हणाला, "निदान आंबील तरी प्या." तो उतरला, वाटी तोंडाला लावली, आणि गाडीला किक मारताना त्यानं पोराला विचारलं, "कुणाचा रे तू?" पोरानं आजोबांचं नाव सांगितलं, वडिलांचं नाही. गावाकडं तसंच सांगतात, आणि हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

उद्या दुपारपर्यंत घर रिकामं होईल. आमच्याकडं निघताना "जातो" म्हणायची पद्धत नाही. उदगीरकर म्हणतील, "येतो." आयी म्हणेल, "होगि बर्तीनि," जाऊन येते. काल रात्री आमच्या शेजारच्या खाला सगळ्यांना भेटून गेल्या, त्याही दारातून वळून म्हणाल्या, "जाको आतूं." तीन भाषा, आणि तिन्हींत जाण्याच्या पोटात येणं आहे. माणिक प्रभूंनी (१८१७–१८६५) माणिकनगरात बसून मराठीत, कन्नडात आणि हिंदुस्तानीत पदं केली, ते त्यांच्या दारात येणाऱ्या माणसांकडं बघितलं की नवल वाटत नाही. धाकटीला उद्या तिन्ही भाषांत निरोप मिळेल. कुणी तिच्या मुठीत खाऊला म्हणून दहाची-वीसची नोट कोंबेल, ती माझ्याकडं बघेल, मी मान हलवल्यावर घेईल. मग संध्याकाळी दारात पाचच जोड उरलेत हे ती मोजून येऊन मला सांगेल, आणि जेवायला बसताना तिचं मन लागणार नाही. त्या वेळी तिला "उगं रडू नको" म्हणायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

पूर्वेला तांबडं फुटलंय. आयी उठली. अंगणात तिच्या चपलांचा आवाज आला आणि पाठोपाठ धाकटीही आली, डोळे चोळत, अनवाणी. तांब्या कुठंय म्हणून विचारतेय.

तुमच्याकडंही या सुट्टीत कुणी येणार असेल. आत्या येईल, मामा येतील, कधी न पाहिलेली एखादी चुलत आजी येईल. घरात लहान लेकरू असेल तर पाणी द्यायला त्यालाच पाठवा. सांडलं तर सांडू द्या. तांब्या अर्धाच भरून द्या. पाय धुवायला तेवढं पुरतं.